परदेशातल्या रेल्वे स्टेशनवर आपली गाडी नेमकी कशी शोधायची

परदेशात ट्रेनने फिरायचं ठरलं की तिकीट काढण्यावर आपण तासन्‌तास घालवतो, कुठलं स्वस्त, कुठल्या तिकिटाचं रिफंड मिळतं, खिडकीची सीट कशी निवडायची, आणि मग प्रत्यक्ष स्टेशनात शिरल्यावर समोरच्या भल्यामोठ्या बोर्डाकडे बघत गोंधळून उभे राहतो, कारण आपल्याला जायचंय त्या शहराचं नाव तिथे कुठेच दिसत नाही. ते दिसत नाही कारण बोर्डावर मोठ्या अक्षरात गाडीचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं आणि आपण बहुतेक वेळा मधेच कुठेतरी उतरणार असतो. मिलानहून फ्लोरेन्सला जाणारी फास्ट गाडी बोर्डावर नापोली किंवा सालेर्नो म्हणून लागलेली असू शकते. म्हणून सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या, बोर्डावर शहर शोधायचं नाही, गाडी शोधायची. ते कसं, ते टप्प्याटप्प्याने सांगतो.

पहिला टप्पा: स्टेशनला निघायच्या आधी

हॉटेलवर असतानाच, वायफाय आहे तोवर, चार गोष्टी एका कागदावर लिहा किंवा फोनवर स्क्रीनशॉट काढून ठेवा. गाडीचा प्रकार आणि नंबर, सुटायची वेळ, आपण जिथून बसणार त्या स्टेशनचं पूर्ण नाव, आणि गाडीचं शेवटचं स्टेशन. पहिल्या तीन गोष्टी तिकिटावर असतात. चौथी बरेचदा नसते, ती त्या देशाच्या रेल्वेच्या ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकून शोधावी लागते. जर्मनीत डीबी नॅव्हिगेटर, स्वित्झर्लंडमध्ये एसबीबी, फ्रान्समध्ये एसएनसीएफ कनेक्ट, इटलीत त्रेनइतालिया, अशी प्रत्येकाची ॲप्स आहेत आणि इंग्रजीत चालतात. तिथे गाडी कुठेकुठे थांबते ती पूर्ण यादी दिसते, त्यातलं आपल्या आधीचं एक स्टेशन पण लिहून ठेवा, उतरताना फार उपयोगी पडतं.

वेळ सगळीकडे चोवीस तासांच्या घड्याळात असते हे बहुतेकांना माहीत असतं, पण मध्यरात्रीनंतरच्या गाडीचं लोकांच्या लक्षात येत नाही. तिकिटावर १५ तारीख आणि ००:१० वेळ असेल तर ती गाडी १४ तारखेच्या रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी सुटते, म्हणजे तुम्ही १४ च्या रात्रीच स्टेशनवर असायला हवं. १५ च्या रात्री गेलात तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. नाइट ट्रेन बुक करणाऱ्यांनी हे दोनदा तपासावं.

आता नावांचा विषय. बोर्डावर शहराचं नाव त्या देशाच्या भाषेत असतं. फ्लोरेन्स म्हणजे फिरेन्झे, व्हिएन्ना म्हणजे वीन, प्राग म्हणजे प्राहा, कलोन म्हणजे क्योल्न, कोपनहेगन म्हणजे क्योबेनहाव्न. इटलीच्या स्टेशनवर तर म्युनिकच्या गाडीवर मोनाको लिहिलेलं असू शकतं, ते समुद्रकाठचं मोनाको नाही. सगळ्यात जास्त गोंधळ बेल्जियममध्ये होतो कारण तिथे भाषेप्रमाणे एकाच शहराची दोन नावं आहेत. मॉन्सचं डच नाव बेर्गन, लिएझचं लाउक, आणि फ्रान्सच्या हद्दीतल्या लीलला ते रेसल म्हणतात. अँटवर्पसारख्या डच भागातल्या स्टेशनवर तुम्हाला डच नावंच दिसतील. म्हणून स्थानिक नाव नुसतं ऐकून जाऊ नका, त्याचं रोमन स्पेलिंग स्क्रीनशॉटमध्ये ठेवा. जपान, चीन, ग्रीससारख्या वेगळ्या लिपीच्या देशात तर स्थानिक लिपीतलं नावही ठेवा, मोठ्या स्टेशनांवर इंग्रजी असतं पण बोर्ड आलटून पालटून भाषा बदलत असतात, तुम्ही बघाल तेव्हा इंग्रजीच असेल असं नाही.

आणि स्टेशनचं पूर्ण नाव म्हणजे खरंच पूर्ण. एका शहरात अनेक स्टेशनं असतात. पॅरिसमध्ये लंडनला जाणारी युरोस्टार गाडी गार द्यु नॉरहून सुटते, लिऑं आणि दक्षिण-पूर्वेकडच्या गाड्या मुख्यतः गार द लिऑंहून, आणि पश्चिमेकडच्या मोंपार्नासहून, ही तिन्ही एकमेकांपासून लांब आहेत. व्हेनिसचं पाण्याकाठचं स्टेशन सांता लुचिया, आणि मेस्त्रे हे अलीकडे, जमिनीवरच्या भागात. ओसाकाची बुलेट ट्रेन ओसाका स्टेशनला येतच नाही, ती शिन-ओसाकाला येते. लीलमध्ये फ्लांद्र आणि युरोप अशी दोन स्टेशनं जवळजवळ आहेत. जर्मनीत फ्रँकफर्ट नावाची दोन शहरंच आहेत, एक माइन नदीवरचं मोठं आणि एक पोलंडच्या सीमेवर ओडर नदीवरचं. फ्रँकफर्ट एअरपोर्टलासुद्धा दोन स्टेशनं आहेत, लांबच्या गाड्यांचं फेर्नबानहोफ वेगळं आणि लोकल गाड्यांचं रेगिओनालबानहोफ वेगळं.

दुसरा टप्पा: किती आधी पोचायचं

स्टेशन नवीन असेल तर अर्धा तास आधी पोचा असं मी सगळ्यांना सांगतो, मोठ्या बॅगा किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर पाऊण तास. पण काही गाड्यांना हेही पुरत नाही. युरोस्टारला लंडनमध्येच पासपोर्ट तपासणी होते, फ्रान्सचे अधिकारीसुद्धा तिथेच बसलेले असतात, आणि त्यांचं गेट गाडी सुटायच्या बरंच आधी बंद होतं, तिकिटावर दिलेली चेक-इनची वेळ पाळायचीच. स्पेनच्या एव्हीई या फास्ट गाड्यांना सामान एक्स-रे मशीनमधून जातं. चीनमध्ये तिकीट पासपोर्टशी जोडलेलं असतं, स्टेशनात शिरतानाच सिक्युरिटी होते, मग वेटिंग हॉलमध्ये आपल्या गाडीचं चेकिंग गेट शोधायचं, आणि ते गेट सुटायच्या काही मिनिटं आधी बंद होतं. तिथे प्लॅटफॉर्मपेक्षा गेट नंबर आधी महत्त्वाचा. पासपोर्टवाल्यांसाठी कडेला माणूस बसलेलं गेट असतं, ऑटोमॅटिक मशीनशी झटत बसू नका.

फ्रान्स आणि स्पेनमध्ये फास्ट गाडीचे दरवाजे सुटायच्या दोनेक मिनिटं आधी बंद होतात, ब्रिटनमध्येही काही स्टेशनांवर तसंच. तिकिटावर १०:०० असेल तर आपल्या डोक्यात ९:५५ धरा.

तिसरा टप्पा: बोर्ड वाचणं

आत शिरल्यावर दोन प्रकारचे बोर्ड असतात, सुटणाऱ्या गाड्यांचा आणि येणाऱ्या गाड्यांचा. घाईत येणाऱ्या गाड्यांच्या बोर्डासमोर उभं राहणारे बरेच असतात. सुटणाऱ्यांसाठी जर्मनीत आबफार्ट, फ्रान्समध्ये देपार, इटलीत पार्तेंत्झे, स्पेनमध्ये सालिदास, पोलंडमध्ये ओद्याझ्दी. भिंतीवरच्या छापील वेळापत्रकांचे रंगही मदत करतात, जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली, पोलंड इथे सुटणाऱ्या गाड्यांचा कागद पिवळा आणि येणाऱ्यांचा लावलेला असलाच तर पांढरा असतो. फ्रान्समध्ये सुटणाऱ्या गाड्यांचा बोर्ड निळा, येणाऱ्यांचा हिरवा.

छापील कागद फक्त अंदाजासाठी. त्यावरचा प्लॅटफॉर्म रोजचा ठरलेला असतो, आज दुरुस्ती चालू असेल, उशीर असेल तर तो बदललेला असतो. इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणि कागद यांच्यात फरक दिसला तर इलेक्ट्रॉनिकच खरा.

बोर्डावर आधी वेळ शोधा, गाड्या वेळेच्या क्रमाने लावलेल्या असतात. त्या वेळेच्या ओळीत गाडीचा नंबर तिकिटाशी जुळतोय का बघा, मग शेवटचं स्टेशन. तिन्ही जुळलं तरच ती आपली गाडी. एकच गोष्ट जुळली तर समाधान मानू नका, मोठ्या स्टेशनवर एकाच मिनिटाला दोन-तीन गाड्या सुटतात, कधीकधी एकाच दिशेने. गाडी उशिरा असेल तरी बोर्डावर मूळ वेळच राहते आणि शेजारी उशीर किती ते लिहितात, म्हणून मूळ वेळेनेच शोधायची. ब्रिटनमध्ये मात्र प्रवाशांच्या बोर्डावर गाडीचा नंबर नसतो, तिथे वेळ, शेवटचं स्टेशन आणि कुठल्या कंपनीची गाडी आहे हे बघायचं, आणि खाली सरकत जाणाऱ्या थांब्यांच्या यादीत आपलं स्टेशन येतंय का तेही.

कंपनीचा मुद्दा इटलीतही आहे. तिथे त्रेनइतालियाच्या फ्रेच्चारोसा आणि इतालो नावाच्या खाजगी कंपनीच्या गाड्या त्याच रुळांवरून त्याच शहरांना जातात, आणि एकाचं तिकीट दुसऱ्याला चालत नाही. ऑस्ट्रियात सरकारी ओबीबी आणि खाजगी वेस्टबान या कंपन्यांचं तसंच. जर्मनीतलं डॉइचलांड-टिकेट हे महिन्याचं तिकीट लोकल आणि रीजनल गाड्यांपुरतं आहे, ते घेऊन आयसीई या फास्ट गाडीत बसता येत नाही. थोडक्यात, गाडी आपल्या गावाला जात असली तरी आपल्या तिकिटावर जातेच असं नाही.

चौथा टप्पा: प्लॅटफॉर्म

प्लॅटफॉर्मला जर्मनीत ग्लाइस, इटलीत बिनारियो, फ्रान्समध्ये व्वा, स्पेनमध्ये व्हिया, नेदरलँड्समध्ये स्पोर म्हणतात. बोर्डावर त्या रकान्यातला आकडा घ्यायचा. पोलंड आणि चेक देशात मात्र दोन आकडे असतात, पोलंडमध्ये पेरोन म्हणजे चढायचा फलाट आणि तोर म्हणजे रूळ, एका फलाटाला दोन बाजूला दोन रूळ. जिना पेरोनचा आकडा बघून चढायचा आणि वर गेल्यावर तोरच्या आकड्याने बाजू ठरवायची. हे माहीत नसलं की माणूस बरोबर फलाटावर उभा राहून पाठीमागच्या बाजूची गाडी घालवतो.

फ्रान्समध्ये प्लॅटफॉर्मचा आकडा सुटायच्या साधारण वीस मिनिटं आधीच लागतो. तोवर रकाना रिकामा दिसला तर घाबरायचं कारण नाही, बोर्ड दिसेल अशा जागी थांबा. गार द लिऑंला काही रूळ अक्षरांनी ओळखले जातात आणि काही आकड्यांनी, ते वेगवेगळ्या हॉलमध्ये आहेत, म्हणून आपला हॉल कुठला हे आधीच बघून ठेवलं तर शेवटच्या वीस मिनिटात पळापळ होत नाही.

आकडे सरळ क्रमाने शेजारी शेजारी असतील असंही धरू नका. बर्लिनच्या मुख्य स्टेशनला एक ते आठ नंबर खाली तळघरात आणि अकरा ते सोळा एकदम वरच्या मजल्यावर आहेत, मधे दुकानांचे मजले. झुरिकला तीन ते अठरा जमिनीवर, आणि एकतीस ते चौतीस, एक्केचाळीस ते चव्वेचाळीस जमिनीखाली. म्युनिकला पाच ते दहा आणि सत्तावीस ते छत्तीस हे दोन्ही टोकांना कडेला आहेत आणि आत चालत जायला चांगला वेळ लागतो. अँटवर्पला रूळ तीन मजल्यांवर आहेत. गाडी बदलायला दहा मिनिटं असतील आणि स्टेशन असं असेल तर स्टेशनचा नकाशा आदल्या रात्री बघून ठेवाच.

काही ठिकाणी आकड्यापुढे ए, बी अशी अक्षरं असतात. नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये लांब प्लॅटफॉर्मचे असे भाग करतात आणि एकाच प्लॅटफॉर्मवर पुढेमागे दोन वेगळ्या गाड्या उभ्या असतात. ४ बी असेल तर ४ ए समोरची गाडी आपली नाही, ती कितीही जवळ असली तरी.

पाचवा टप्पा: डबा, आणि गाडीचा योग्य भाग

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण बरोबर प्लॅटफॉर्मवर पोचलेली माणसं इथे चुकतात.

लांब गाडी चारशे मीटरची असू शकते. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये प्लॅटफॉर्मवर डोक्यावर ए, बी, सी, डी अशा पाट्या लावून भाग पाडलेले असतात आणि आपला डबा कुठल्या अक्षरासमोर येणार ते स्क्रीनवर किंवा ॲपमध्ये दाखवतात. गाडी यायच्या आधीच तिथे जाऊन उभं राहायचं. जर्मनीत कधीकधी गाडी उलट्या क्रमाने येते, म्हणजे पहिला डबा शेवटी, त्याची घोषणा होते आणि सगळा प्लॅटफॉर्म एकदम चालायला लागतो, तेव्हा स्क्रीन परत बघा. जपानमध्ये प्लॅटफॉर्मवरच डब्याचा नंबर दिलेला असतो, गाडी अगदी तिथेच थांबते, रांगेत उभं राहिलात की झालं.

फ्रान्सच्या टीजीव्ही या फास्ट गाड्या बरेचदा दोन गाड्या जोडून एक केलेल्या असतात. एका भागात डबे १ ते ८, दुसऱ्यात ११ ते १८, आणि दोन्हीच्या मधून आत चालत जाता येत नाही. १४ नंबरचं तिकीट घेऊन ३ नंबरच्या डब्यात चढलात तर पुढच्या थांब्यापर्यंत आपल्या सीटवर पोचता येणार नाही. जर्मनीच्या आयसीईच्या बऱ्याच गाड्यांना हेच लागू, २१ पासूनचे डबे एका गाडीत आणि ३१ पासूनचे दुसऱ्या.

हे जोडलेले भाग वाटेत सुटे होऊन वेगवेगळ्या गावांना गेले तर सीटच काय, गावच बदलतं. इंटरलाकेन ओस्टहून डोंगरात जाणारी गाडी याचं उत्तम उदाहरण. पर्यटकांनी भरलेली असते, त्स्वाइल्युचिनेन नावाच्या छोट्या स्टेशनवर तिचे दोन भाग होतात, एक लाउटरब्रुनेनला आणि दुसरा ग्रिंडेलवाल्डला. दोन्ही भाग एकाच प्लॅटफॉर्मवर एकाच वेळी एकच गाडी म्हणून उभे असतात, त्यामुळे नंबर, वेळ, प्लॅटफॉर्म सगळं बरोबर असून माणूस भलत्या दरीत जाऊ शकतो. बर्लिनहून कलोनकडे जाणाऱ्या काही आयसीई गाड्याही हाम स्टेशनवर अशाच विभागल्या जातात. बोर्डावर एका ओळीत दोन शेवटची स्टेशनं दिसली की समजायचं गाडी फुटणार आहे. मग ज्या डब्यात चढताय त्या डब्याच्या दाराजवळच्या स्क्रीनवर लिहिलेलं गावच ग्राह्य धरायचं, आणि आत गेल्यावर परत खात्री करायची. सीट रिझर्व्ह असेल तर आपल्याच डब्यात बसा म्हणजे हा प्रश्न आपोआप सुटतो. बिनारिझर्व्हेशनच्या गाडीत मात्र जिथे जागा दिसेल तिथे घुसायचा मोह आवरा.

सहावा टप्पा: ही गाडी आपल्या स्टेशनला थांबते ना

दिशा बरोबर असून गाडी आपल्या गावावरून न थांबता निघून जाऊ शकते. टोकियो ते ओसाका मार्गावर बुलेट ट्रेनचे नोझोमी, हिकारी, कोदामा असे तीन प्रकार आहेत. कोदामा सगळीकडे थांबते, नोझोमी सगळ्यात कमी. हाकोनेला जाणारे ओदावाराला उतरतात, पण नोझोमी तिथे थांबत नाही, शिन-योकोहामा सोडलं की ती थेट नागोयाला उभी राहते. पॅरिस ते लिऑं टीजीव्ही बहुतेक वेळा दोन तास कुठेच थांबत नाही. म्हणून फास्ट गाडीच्या बाबतीत तपासणी चढायच्या आधीच. नेदरलँड्समध्ये इंटरसिटी मोठ्या स्टेशनांपुरती आणि स्प्रिंटर सगळीकडे, जर्मनीत रीजनल गाड्यांपैकी आरई कमी थांबते आणि आरबी जास्त.

चढण्यापूर्वीची शेवटची नजर

दाराशेजारच्या स्क्रीनवर नंबर आणि शेवटचं स्टेशन वाचा. इटलीत रीजनल गाडीचं कागदी तिकीट असेल तर प्लॅटफॉर्मजवळच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. नेदरलँड्समध्ये कार्डाने प्रवास करत असाल तर आपल्या गाडीच्या कंपनीच्याच खांबावर टॅप करा.

शंका असेल तर विचारा, पण विचारायची एक पद्धत आहे. गाडीकडे बोट दाखवून ही अमुकला जाते ना असं विचारलं की भाषा नीट न कळलेला माणूस नुसताच मान हलवतो. त्याऐवजी तिकीट किंवा स्क्रीनशॉट समोर धरा आणि कुठे एवढंच विचारा, म्हणजे त्याला बोट दाखवून उत्तर द्यावं लागतं. गणवेशातला माणूस दिसला तर आधी त्याला, नाहीतर एकाऐवजी दोघांना.

आत बसल्यावर

पहिल्या पाच मिनिटात डब्यातल्या स्क्रीनवर पुढचा थांबा बघा आणि आपल्या यादीशी जुळवा. जुळत नसेल तर लगेच कंडक्टरला गाठा, तो यायची वाट बघू नका. आपणहून जाऊन सांगितलं की तो बहुतेक वेळा पुढे कुठे उतरून कुठली गाडी घ्यायची ते सांगतो, आणि तेच तपासणीत सापडलं तर समजावणं अवघड होतं. गाडी सुरू झाल्यावर एकटं पुढच्या स्टेशनवर उतरायची घाईही नको, छोट्या स्टेशनवर परतीची गाडी तासाने असू शकते, मोठ्या जंक्शनपर्यंत थांबणं कधीकधी शहाणपणाचं ठरतं. बरोबरची माणसं विखुरली तर कुठल्या स्टेशनवर भेटायचं हे निघायच्या आधीच ठरवून ठेवा.

रेल्वेच्या उशिरामुळे पुढची गाडी चुकली तर तिकीट वाया गेलं असं समजून नवीन काढू नका. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल आणि शेवटच्या स्टेशनला तासाभराहून जास्त उशीर होणार असेल तर युरोपियन युनियनच्या नियमांप्रमाणे पैसे परत किंवा दुसऱ्या गाडीने पुढचा प्रवास, यातलं एक निवडता येतं. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर तो आधार बरेचदा मिळत नाही, हे तिकीट काढतानाच लक्षात घ्या. गाडी चुकल्यावर आधी स्टेशनच्या माहिती काउंटरवर जा, उशिराची नोंद तिकिटावर किंवा कागदावर मागून घ्या, आणि ती पुढच्या गाडीच्या कंडक्टरला बसल्या बसल्या दाखवा.